मदत हवी आहे: ब्रेथ ऑफ द वाइल्ड या व्हिडिओ गेममध्ये कीसचे पंख जमवायचे आहेत

कडेकपारी:
कडे चढायला मदत करणाऱ्या क्लाइंबिंग सेटचे तिन्ही भाग हातात आहेत (बंडाना, गिअर, बूट). दोन ग्रेट फेअरी (साहित्य घेऊन कपडे स्टार-स्टारने वाढवणाऱ्या पऱ्या) उघडल्या आहेत आणि सेट सध्या एका स्टारवर आहे. पुढे वाढवायचा तर वटवाघळांचे, म्हणजे कीसचे, पंख लागतात. साधे नाहीत, इलेक्ट्रिक, आइस आणि फायर. अडचणी अशा:

१. एकूण किती पंख लागतील? फेअरी एका वेळी पुढच्या एकाच स्टारचं सांगते.
२. इलेक्ट्रिक कीसचा धक्का बसला की हातातली तलवार खाली पडते. कड्यावर असलो तर ती दरीतच जाते.
३. डेथ माउंटन या ज्वालामुखीवर बॉम्ब अ‍ॅरो ताणला की तिथल्या तिथे फुटतो. थव्यावर दुसरं काय वापरायचं?
४. एकेका कीसमागे पाच-सहा बाण वाया जातात. नेम धरेपर्यंत तो भलतीकडे गेलेला असतो.

---

रुपीभर:
आधी हिशेब, कारण तो कळला की अर्धी शिकार वाचेल. एका भागासाठी:

एक स्टार: साधे कीस पंख ३, रशरूम ३
दोन स्टार: इलेक्ट्रिक कीस पंख ५, हायटेल लिझर्ड ५
तीन स्टार: आइस कीस पंख १०, हॉट-फूटेड फ्रॉग १०
चार स्टार: फायर कीस पंख १५, स्विफ्ट व्हायोलेट १५

तिन्ही भागांसाठी याची तिप्पट. एका स्टारचं तुमचं झालंच आहे. आता इलेक्ट्रिक १५, मग आइस ३० आणि शेवटी फायर ४५.

माझं स्पष्ट मत: सध्या फक्त इलेक्ट्रिकच्या मागे लागा. तिन्ही भाग दोन स्टारवर गेले की सेट बोनस मिळतो, म्हणजे चढताना मारलेल्या उडीला स्टॅमिना कमी लागतो. या सेटमधली खरी कमाई तीच. स्टार वाढवल्याने चढण्याचा वेग वाढत नाही. तो तीन भाग एकत्र घातल्याने वाढतो आणि ते तुम्ही आत्ताही करू शकता. तिसऱ्या-चौथ्या स्टारला फक्त संरक्षण वाढतं.

शिवाय तीन स्टारला तिसरी फेअरी हवी (१००० रुपी) आणि चार स्टारला चौथी (१०,००० रुपी). पहिल्या दोघींना १०० आणि ५०० देऊन झालेत. कोणती फेअरी कोणत्या क्रमाने उघडता याला महत्त्व नाही. काकारिको, अकाला, टबांथा, गेरुडो वाळवंट, कुठलीही आधी चालते. रक्कम क्रमाप्रमाणे वाढत जाते.

---

तीरकमठा:
बाणांबद्दल. कीसला एकच हिट पॉइंट असतो, रंग कुठलाही असो. म्हणजे जोरदार धनुष्याची, महागड्या बाणांची काही गरज नाही. सगळ्यात कमी ताकदीचं धनुष्य न्या आणि साधे बाण न्या.

नेम चुकतो तो वेळ चुकल्यामुळे. कीस भिरभिरत असताना त्याच्यामागे नेम फिरवत बसू नका, तो दर क्षणाला दिशा बदलतो. हल्ला करण्यापूर्वी तो हवेत एका जागी थबकतो, पंख फडफडवतो आणि मग सरळ रेषेत तुमच्या अंगावर येतो. ती थबकण्याची घटका म्हणजे तुमचा बाण. ती हुकली तरी घाबरायचं कारण नाही, कारण आता तो सरळ येतोय: झेडएल दाबून लॉक करा आणि तो दोन पावलांवर आला की शस्त्र आडवं फिरवा. साध्या कीससाठी मी धनुष्य काढूच नका म्हणेन. लांब पल्ल्याचा भाला किंवा आडवा घेर घेणारी दोन हाती तलवार पुरते.

इलेक्ट्रिकला मात्र जवळ येऊ द्यायचं नाही. तिथे बाणच. उंचावरून उडी मारून हवेत धनुष्य ताणलं की वेळ संथ होते. त्यात स्टॅमिना भराभर जातो, पण दोन-तीन कीस एका उडीत सहज पडतात. आणि उभं राहायची जागा निवडून घ्या: पाठीमागे भिंत, पुढे मोकळी सपाट जमीन. मग धक्का बसून तलवार पडलीच तरी पायाशी पडेल. कड्याच्या काठावर इलेक्ट्रिक कीस दिसला तर आधी मागे सरका, तो पाठोपाठ येतोच. मेलेल्या कीसचे पंखही मग दरीत न जाता समोर पडतात.

एन्शंट अ‍ॅरो चुकूनही नको. त्याने शत्रू अख्खा नाहीसा होतो आणि मागे काहीच उरत नाही, ना पंख ना डोळा.

---

गोरॉनगल्ली:
डेथ माउंटनचं सांगतो. तुमचा बॉम्ब अ‍ॅरो खराब नाही, तिथल्या उष्णतेत तो ताणल्याबरोबर फुटणारच. (पावसात उलटं होतं, पेटतच नाही.) साधा बाण तिथे ताणला की आपोआप पेट घेतो. लाकडी धनुष्य, लाकडी ढाल, लाकडी दांड्याचं शस्त्र पाठीवर असलं तरी जळून संपतं. म्हणून वर जाण्याआधी यादी उघडून लाकडाचं जे काही घातलंय ते काढून टाका, धातूची ढाल आणि धातूचा भाला घ्या. अंगात फ्लेमब्रेकर चिलखत हवंच, नाहीतर फायरप्रूफ एलिक्सिर. वाळवंटात चालणारे थंडाव्याचे पदार्थ इथे कामाचे नाहीत. उष्णता सहन होणं वेगळं आणि पेट न घेणं वेगळं.

थवा आला तर तो आपल्याकडे येऊ द्या आणि भाल्याने टोचत राहा. पण खरं सांगायचं तर ४५ फायर पंखांसाठी थव्याची वाट बघू नका. एल्डिनच्या वाटेवर एकटे-दुकटे फायर कीस भेटतात, त्यांनाच धरा. लाव्हाच्या काठावर लढू नका, एवढंच पथ्य.

---

सेन्सर_बीप:
जागा शोधायची सोपी पद्धत कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो.

हातेनोच्या प्रयोगशाळेत पुरा नावाच्या संशोधिकेकडे ३ एन्शंट स्क्रू दिले की शीका सेन्सर प्लस मिळतो. त्यानंतर कॅमेऱ्याने ज्याचा फोटो कम्पेंडियममध्ये (खेळातल्या नोंदवहीत) असेल त्याचा माग सेन्सर काढतो. साधा, इलेक्ट्रिक, आइस, फायर या चारही कीसची कम्पेंडियममध्ये वेगवेगळी नोंद आहे, त्यामुळे चारही फोटो वेगळे हवेत. साध्या कीसच्या फोटोवर इलेक्ट्रिक सापडणार नाही. फोटो काढताना चौकटीत नाव उमटलं की मगच बटण दाबा. नाव न दिसता काढलेला फोटो नोंदीला लागत नाही.

म्हणजे क्रम असा: पहिला इलेक्ट्रिक कीस दिसला की लगेच मारू नका, आधी फोटो. मग नोंद उघडा, तिथे तो सहसा कुठे सापडतो ते दोन प्रदेश लिहिलेले असतात. त्या प्रदेशात जाऊन सेन्सर त्याच नोंदीवर लावा. श्राइन (छोटी मंदिरं) शोधायला लावलेला सेन्सर तसाच राहिला तर तो कीससाठी वाजणार नाही, हे बघून घ्या.

वेळ रात्रीची. शेकोटीपाशी बसून रात्र निवडली की घड्याळ ९ वर जातं, आणि पहाटे ५ पर्यंत तुमच्या हातात खरी आठ मिनिटं असतात (खेळातला एक तास म्हणजे एक मिनिट). लाकडाची मोळी आणि चकमक सोबत ठेवा. पाऊस असेल तर आडोशाखाली पेटवा.

ठरावीक जागेवरचे कीस एकदा मारले की ब्लड मूनपर्यंत (मेलेले शत्रू परत येतात ती लाल चंद्राची रात्र) परत येत नाहीत. त्यामुळे त्याच गुहेत पुन्हा पुन्हा चकरा मारू नका, पुढच्या जागेकडे चला.

---

कडेकपारी:
सगळ्यांचे आभार. सेन्सर श्राइनवरच होता. अजून दोन गोष्टी: हेब्राच्या बर्फाळ डोंगरात आइस कीस चावला की लिंक (खेळातला आपला नायक) गोठतो, त्याला काय करायचं? आणि जास्तीचे पंख-डोळे विकू का? रुपी हवेच आहेत.

---

तीरकमठा:
हेब्रासाठी आगीचं शस्त्र. फ्लेमब्लेड हातात उपसून धरली की लिंकला ऊबही मिळते आणि आइस कीस तिच्या एका फटक्यात जातो. वर बर्फाळ शिखरांवर फक्त तेवढी ऊब पुरणार नाही, सोबत रिटो गावातल्या दुकानातला स्नोक्विल हा उबदार पोशाख किंवा स्पायसी पेपरचं जेवण हवं. गोठलात तर स्टिक जोरात हलवत राहा, लवकर सुटका होते. गेरुडो हायलँड्सवरही आइस कीस आहेत, तेव्हा ३० एकट्या हेब्रातूनच काढायचे असं काही नाही.

---

रुपीभर:
विकण्याबद्दल: डोळे विका, पंख नको. कीस आयबॉल २० रुपीला जातो. साधा पंख २ आणि फायर, आइस, इलेक्ट्रिक पंख ६. म्हणजे ४५ फायर पंख विकले तरी २७० रुपी येतील, आणि तेच पंख पुन्हा जमवायला कितीतरी रात्री जातील. एलिक्सिरमध्येही हे पंख टाकू नका. बोकोब्लिनची शिंगं त्याच कामाला येतात आणि ढिगाने मिळतात. किल्टनच्या दुकानातही हीच काळजी घ्या. मॉनच्या (त्याच्याकडे चालणाऱ्या नाण्यांच्या) लोभाने रंगीत पंख तिथे जातात आणि मग फेअरीपुढे गेल्यावर आठवतात.

---

शिखरवाट:
रुपीभर यांच्याशी एका बाबतीत सहमत नाही. दोन स्टारवर थांबा हे सगळ्यांना लागू होत नाही. या सेटचा एक भाग सुरुवातीला ३ संरक्षण देतो, दोन स्टारला ८ आणि चार स्टारला २०. तिन्हीचे मिळून २४ विरुद्ध ६०. जो माणूस कडा चढून वर जातो आणि वर गेल्याबरोबर लिनेल या तगड्या शत्रूसमोर उभा राहतो, त्याला दर वेळी कपडे बदलायचे नसतील तर हा फरक मोठा आहे. १०,००० ची फेअरी तर इतर चिलखतांसाठी कधी ना कधी उघडावीच लागते. क्रम मात्र त्यांनी सांगितला तोच ठेवा.

---

ढालवाला:
थोडं अवांतर, पण कीसचाच प्रश्न आहे. धाकट्या भावाने याच मालिकेतला ओकारिना ऑफ टाइम (१९९८ चा) सुरू केलाय. डोडोंगोच्या गुहेत फायर कीस आला आणि त्याची ढाल जळून गेली. तिथेही हेच नियम का?

---

गोरॉनगल्ली:
नियम वेगळे, स्वभाव तोच. डेकू ढाल लाकडी आहे, फायर कीस आदळला की संपली. कोकिरी गावात ती ४० रुपीला परत मिळते, पण गुहेत जाण्याआधी हायलियन ढाल घेऊन ठेवली तर कटकटच मिटते. बाजारातल्या दुकानात ती ८० रुपीला आहे, आणि काकारिकोच्या स्मशानातल्या एका थडग्याखाली फुकट. लहान लिंकला ती नीट पेलत नाही, तो तिच्याखाली कासवासारखा दबून बसतो, पण ती जळत नाही. लांबून गलोल मारा, कीस एका गोळीत पडतो.

एक बारकावा: फायर कीस अंगावर आदळल्यावर विझतो आणि साधा होतो, पण पेटत्या मशालीतून गेला की पुन्हा पेटतो. म्हणून मशालींच्या खोलीत त्याला विझवून ढाल काढायची घाई करू नका, आधी मारा.

---

झोनाई_जुगाड:
अवांतर चाललंच आहे तर टीअर्स ऑफ द किंगडम (ब्रेथ ऑफ द वाइल्डचा पुढचा भाग) खेळणाऱ्यांसाठीही: तिथे डोळे अजिबात विकू नका. धनुष्य ताणून वरचं डी-पॅड बटण दाबून धरा, यादीतून कीस आयबॉल बाणाला जोडा. बाण शत्रूकडे स्वतः वळतो. ग्लिओक या ड्रॅगनच्या डोळ्यांवर मारायला याच्याइतकं दुसरं काही सोपं नाही. तीन बाण एकदम सोडणारं धनुष्य असेल तर एकाच डोळ्यात तिन्ही बाण वळतात. पंख जोडला तर बाण जास्त लांब जातो. यादी उघडल्यावर वाय बटणाने क्रम बदलता येतो, त्यामुळे डोळा शोधत बसावं लागत नाही. आणि कपडे वाढवताना त्या खेळात फेअरी साहित्यासोबत रुपीही घेते: १०, ५०, २००, ५०० असे स्टारप्रमाणे.

---

कडेकपारी:
क्रम ठरला: आधी इलेक्ट्रिक १५, मग आइस. फक्त ते हॉट-फूटेड फ्रॉग ३० कसे जमवायचे? पकडायला गेलं की पाण्यात उडी मारतात.

---

सेन्सर_बीप:
तळ्यांच्या आणि ओढ्यांच्या काठाला, पाऊस पडत असताना. तेव्हा बरेच बेडूक बाहेर येतात. स्टिक हळू ढकलत वाकून जा आणि पाण्याच्या बाजूने जमिनीकडे सरका, म्हणजे तो पळाला तरी पाण्यापासून दूर पळेल. स्टेल्थचे कपडे असतील तर चढल्यावर क्लाइंबिंग सेट काढून ते घाला. बेडकाचाही फोटो काढून सेन्सर लावता येतो. हायटेल लिझर्ड म्हणजे पालींचंही तसंच, फक्त त्या दगडांखाली असतात. दगड उचलण्याआधी आजूबाजूचं गवत तुडवू नका.