सल्ला हवा: तांत्रिक प्रस्ताव वरच्यांच्या गळी कसा उतरवायचा?

अर्धविराम:
नमस्कार मंडळी. आजवर कोड लिहीत आलो, आता तंत्रविभागाची सूत्रं हाती आली आहेत. बिलिंगची जुनी सिस्टीम फोडून तिच्या वेगवेगळ्या सर्व्हिसेस कराव्यात असा प्रस्ताव मांडला. आराखडे, तक्ते, सगळं जय्यत तयार होतं. सीएफओंनी (कंपनीच्या वित्तप्रमुखांनी) शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "याने नेमकं काय होईल?" मी म्हटलं, सिस्टीम स्केलेबल होईल, म्हणजे कामाचा भार वाढला तरी पेलेल. विषय पुढच्या तिमाहीवर ढकलला गेला. इथे जे या खुर्चीत बसले आहेत ते असं काम धंद्याच्या उद्दिष्टांशी कसं जोडतात? पुस्तकी 'अलाइनमेंट' नको, प्रत्यक्षात काय करता ते सांगा.

ताळेबंद:
मी टेबलाच्या पलीकडे बसते. 'स्केलेबल' आम्हाला कळत नाही हा समज आधी डोक्यातून काढा. कळतं, पण त्याच बैठकीत विक्रीवाल्यांना माणसं हवी असतात, मार्केटिंगला मोहीम हवी असते, आणि तिजोरी एकच. प्रस्ताव वाचताना मी बघते ते हे: महसूल, खर्च, जोखीम यांतलं काय हलणार, कधीपासून हलणार, आणि काहीच केलं नाही तर काय होणार. शेवटचा मुद्दा जवळजवळ कोणीच लिहीत नाही, आणि निर्णय बहुतेक वेळा त्यावरच फिरतो.
तुमच्याच बाबतीत बोलायचं तर, नवा दरपत्रक प्लॅन बाजारात आणायला आज किती आठवडे लागतात? त्यातले किती जुन्या कोडपायी जातात? विक्रीप्रमुखांकडे जाऊन विचारा, उशिरामुळे हातचे गेलेले ग्राहक त्यांना तोंडपाठ असतील. आकडा नेमका नसला तरी चालेल, "इतक्यापासून इतक्यापर्यंत" असा द्या. दोन दशांश स्थळांपर्यंतचा अंदाज दिसला की मला उलट संशय येतो.

जुनाजाणता:
ताळेबंद यांना अनुमोदन. फक्त एक भर: सगळे प्रस्ताव घेऊन भांडायला जाऊ नका. काय करता येईल याची यादी आपल्याकडे कायम लांबलचक असते, त्यातलं काय करायचं नाही हे ठरवण्यासाठीच तुम्हाला त्या खुर्चीत बसवलंय.
नेटफ्लिक्सचं उदाहरण मी टीमला नेहमी देतो. २००६ साली त्यांनी स्पर्धा जाहीर केली: चित्रपटांना ग्राहक किती रेटिंग देतील याचा अंदाज १० टक्क्यांनी सुधारा, १० लाख डॉलर मिळवा. २००९ मध्ये बक्षीस दिलंही. पण जिंकलेली अख्खी रचना त्यांनी वापरात आणलीच नाही. वाढलेली अचूकता आणि ती बसवायला लागणारे कष्ट यांचं गणित जमेना, आणि दरम्यान २००७ पासून धंदा डीव्हीडीकडून स्ट्रीमिंगकडे सरकू लागला होता. गंमत म्हणजे स्पर्धेच्या मधल्या टप्प्यात, २००७ साली, पुढे आलेले दोन अल्गोरिदम मात्र त्यांनी खरोखर वापरले.
दुसरं, पर्याय किमतीसकट द्या. ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात सुमारे ४३ मिनिटं सेवा बंद, ९९.९९ म्हणजे चारेक मिनिटं. हा शेवटचा ९ महागात पडतो. "किती मिनिटं बंद चालेल?" हा प्रश्न धंद्याचा आहे, उत्तर त्यांना देऊ द्या. आपण परस्पर ठरवून मोकळे होतो आणि मग बजेट मिळत नाही म्हणून कुरकुरतो.

तिरकस:
सगळंच महसुलात मोजायला निघालात तर साफसफाई कधीच होणार नाही. नाइट कॅपिटल ही अमेरिकेतली शेअर ट्रेडिंग कंपनी आठवते? १ ऑगस्ट २०१२. आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड चढवायचा राहिला, तिथे वर्षानुवर्षं पडून असलेला बाद कोड जागा झाला, आणि पाऊण तासात ४४ कोटी डॉलरच्या आसपास बुडाले. तो बाद कोड काढायचा प्रस्ताव आदल्या वर्षी कोणी आणला असता तर "महसूल किती वाढेल?" याला काय उत्तर होतं?

ताळेबंद:
@तिरकस, म्हणून तर जोखीम वेगळी लिहिली. विम्याचा हप्ता भरताना महसूल किती वाढेल असं मीही विचारत नाही. काय बिघडू शकतं, बिघडलं तर कितीला पडेल, तेवढं सांगा.

तिरकस:
तुमच्यासारखे सीएफओ भेटले तर ठीक आहे :)

अर्धविराम:
खूप आभार. विक्रीप्रमुखांशी बोललो. नव्या प्लॅनचं कोष्टक ते वर्षभर मागताहेत आणि आमच्या रांगेत ते तळाशी पडलंय! म्हणजे प्रस्तावाची सुरुवात तिथूनच करायला हवी. पण पूर्ण काम लांबलचक आहे, एवढे पैसे एकदम मागू का?

ताळेबंद:
मुळीच नको. दरपत्रकाचा भाग आधी वेगळा काढायचा, तेवढ्याचेच मागा. तो जमला की नाही हे कशावरून ठरवायचं आणि न जमल्यास कुठे थांबायचं, तेही त्याच कागदावर लिहा. आणि पहिली स्लाइड विक्रीप्रमुखांना मांडू द्या. आर्किटेक्चरचा आराखडा परिशिष्टात टाका, कोणी विचारलं तरच उघडा.