४६ व्या वर्षी व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती), मुलं ७ वीत आणि २ रीत: घडी कशी बसवावी?

प्रश्न: जुळे सोलापुरात स्वतःचं घर आहे, कर्ज नाही. पत्नी नोकरीत. पैसे कुठे ठेवावेत आणि दिवस कसा लावावा?

उत्तर १: दादा, आधी आरोग्य विमा बघा. कंपनीचं ग्रुप कव्हर नोकरीबरोबर संपतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागा, ते राजीनाम्याआधीच. तसं केलं की झालेला वेटिंग पिरियड (जुन्या आजारांना विमा लागू होईपर्यंत थांबायची मुदत) धरला जातो. नवी पॉलिसी घेतली तर जुन्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. मुलं लहान असताना ही फट परवडत नाही.

उत्तर २: ईपीएस पेन्शन (पीएफबरोबरची कर्मचारी पेन्शन योजना) ५० पासून मिळते, पण ५८ च्या आधीच्या प्रत्येक वर्षाला ४ टक्के कपात, आणि ती कायमची. सेवा १० वर्षं झाली असेल तर घाई करू नका की. ज्येष्ठ नागरिक बचत योजना तुम्हाला ६० नंतरच. तोवर पोस्टाची मासिक प्राप्ती योजना: संयुक्त खात्यात १५ लाखांपर्यंत, ७.४ टक्क्यांनी महिना ९,२५० रुपये. व्याज करपात्र आहे आणि ५ वर्षं दर तोच, म्हणजे महागाईने वाढणारी शाळेची फी यावर पेलणार नाही. काही रक्कम इक्विटी फंडात (शेअर बाजारात गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडात) हवीच.

उत्तर ३: पाणी येण्याचा दिवस, डबे, अभ्यास ही कामं पूर्ण तुमच्याकडे घ्या. नुसती ‘मदत’ केली तर लक्षात ठेवायचं ओझं वहिनींवरच राहतं. एप्रिल-मेमध्ये बाहेरची कामं सकाळी १० च्या आत उरका.