नव्या लॅपटॉपला घरचं वायफाय दिसतच नाहीये

प्रश्न: दादाने अमेरिकेहून लॅपटॉप आणलाय, विंडोज ११ आहे, शेजाऱ्यांची सगळी वायफाय दिसतात पण आमचंच नाव लिस्टमध्ये येत नाही, मोबाईल आणि टीव्हीवर मस्त चालतंय. राउटर जुना, फक्त २.४ गिगाहर्ट्झ वाला. रीस्टार्ट करून झालंय, काय करू?

बंड्या: ड्रायव्हर (वायफाय कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट मार.

खटपट्या: ड्रायव्हरचं काही वाटत नाही हो, शेजाऱ्यांचं दिसतंय म्हणजे कार्ड ठीक आहे. राउटरचा चॅनेल, म्हणजे तो ज्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर सिग्नल सोडतो तो, बघा आधी. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झवर १ ते १३ चॅनेल चालतात, अमेरिकेत सहसा ११ पर्यंतच, त्यामुळे तिकडच्या काही लॅपटॉपना १२-१३ वरचं नेटवर्क दिसतच नाही, आणि राउटर ऑटोवर असला की कधीकधी नेमका तिथेच जाऊन बसतो. मोबाईलच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा राउटरखालच्या स्टिकरवर असेल तो पत्ता उघडा, वायरलेसमध्ये ऑटो काढून १, ६ नाहीतर ११ ठेवा.

प्रश्नकर्ता: अरे १३ च होता! ६ केला, लगेच दिसलं. पण स्पीड जरा रडका येतोय..

खटपट्या: ६ वर बिल्डिंगमधले बरेच असतील. १ किंवा ११ करून बघा, आणि चॅनेल विड्थ (पट्ट्याची रुंदी) ४० मेगाहर्ट्झ असेल तर २० करा.

बंड्या: तरी ड्रायव्हर अपडेट कर रे 😄