मदत हवी आहे: आरएसव्हीसाठी कोणती अँटिबॉडी घ्यावी?

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या फोंड्याजवळच्या एका छोट्या प्रयोगशाळेत काम करते. लहान मुलांच्या छातीत कफ भरवणाऱ्या आरएसव्ही या विषाणूवर आमचं काम चालू आहे आणि अँटिबॉडीपाशी घोडं अडलंय.

सध्या आमच्याकडे विषाणूच्या एफ प्रथिनाविरुद्धची (हे प्रथिन पेशींना एकमेकींत मिसळवतं) उंदराची मोनोक्लोनल, म्हणजे एकाच ठरावीक जागेला चिकटणारी अँटिबॉडी आहे. हेप-२ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींवर फ्लुरोसन्स झकास येतो: एकमेकींत मिसळलेल्या पेशींचे मोठे पुंजके हिरवेगार लखलखतात. पण तीच अँटिबॉडी वेस्टर्न ब्लॉटला (जेलमध्ये वेगळी केलेली प्रथिनं पडद्यावर घेऊन ओळखायची चाचणी) लावली की पट्टीच उमटत नाही, पडदा कोरा! माझा अंदाज असा की ती प्रथिनाची घडी ओळखते, आणि एसडीएस हे डिटर्जंट घालून उकळल्यावर घडीच मोडते. नॉन-रिड्यूसिंग जेल (ज्यात प्रथिनातले गंधकाचे बंध तोडत नाहीत) कुणी करून पाहिलंय का? फरक पडला?

दुसरा पर्याय विषाणूच्या जनुकद्रव्याला गुंडाळणाऱ्या एन प्रथिनाविरुद्धची मोनोक्लोनल. एन मुबलक असतं, विषाणूच्या ए आणि बी दोन्ही उपगटांत फारसं बदलत नाही. विषाणूच्या पृष्ठभागावरच्या ‘जी’ प्रथिनाच्या वाटेला जायचं नाही असं ठरवलंय, ते फारच बदलतं. शेळीची पॉलिक्लोनल (अनेक अँटिबॉडींचं मिश्रण) स्वस्तात पडेल, पण पार्श्वभूमी धूसर येते असं ऐकते. पुढे उंदराच्या फुफ्फुसाचे छेदही रंगवायचेत, तिथे उंदराचीच अँटिबॉडी म्हणजे डोकेदुखी, कारण तिला शोधणारी दुय्यम अँटिबॉडी छेदातल्या उंदराच्या स्वतःच्या अँटिबॉडींनाही चिकटते. सशाची एन-विरोधी कुणी वापरलीय?

आणखी एक, गोंयकारांसाठी: पावसाळ्यात बर्फातलं पार्सल इथवर थंड पोचवणारा भरवशाचा विक्रेता कोण? नाव, क्लोन (अँटिबॉडीचा नेमका वाण) आणि डायल्यूशन (किती पातळ करायची) कळवलंत तर देव बरें करूं!