खुलं व्याख्यान: नोंदणी असूनही जागा का मिळत नाही?

प्रश्न: संशोधन संस्थेतलं व्याख्यान मोफत, सर्वांसाठी खुलं. नोंदणीही झाली आहे. तरी दारावरून परत का पाठवतात?

उत्तर १: मोफत नोंदणी करणारे बरेच जण येतच नाहीत, म्हणून खुर्च्यांपेक्षा जास्त नावं घेतली जातात. नोंदणी म्हणजे राखीव जागा नव्हे. अर्धा तास आधी पोहोचा, फोटोचं ओळखपत्र हाताशी ठेवा. फाटकावरच्या तपासणीत वेळ जातो.

उत्तर २: सूचनेत ‘कलोक्वियम’ लिहिलं असेल तर ते बहुधा संशोधकांसाठी असतं. ‘सार्वजनिक व्याख्यान’ बघा.

उत्तर ३: आत जागा मिळाली की व्याख्यानानंतर प्रश्न जरूर विचारा, पण माइक हातात आल्यावरच, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये नुसतं उत्तर उरतं. आलेखाबद्दल विचारायचं असेल तर स्लाइडचा क्रमांक टिपून ठेवा, वक्त्याला लगेच तिथे जाता येतं.