दहा स्कॉलरशिप आणि दोनच उंच गडी: डिव्हिजन टूचा संघ कसा बसवायचा?

टिपऑफ

नमस्कार मंडळी. अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल जवळून बघणारे इथे बरेच आहेत, म्हणून थेट विचारतो.

एनसीएए (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) डिव्हिजन टू म्हणजे दुसरा स्तर, सरकारी विद्यापीठ, पुरुषांचा संघ. नियमाप्रमाणे १० स्कॉलरशिपची मर्यादा, पण हातात पैसे आहेत २,१०,००० डॉलर. वर्षाचा पूर्ण खर्च (फी, राहणं-जेवण, पुस्तकं सगळं धरून) राज्यातल्या मुलाला २४,००० आणि बाहेरच्याला ३६,०००. दोन्ही मुख्य सेंटर पदवी घेऊन गेले. उरले दोघे. एक राज्यातलाच, ६ फूट ७ इंच, २२५ पौंड. गेल्या मोसमात सरासरी १४ मिनिटं खेळला आणि त्यात २.१ फाउल केले. दुसरा नवा, तोही राज्यातला, ६ फूट ९ इंच पण १९५ पौंड, काडी पहिलवान.

आणखी दोन तगडे गडी आणायचे आणि गार्डांवरचा खर्च आवरायचा, की एकच आणून बाकी संघ बुटका ठेवायचा? १५ जणांत पैसे कसे वाटाल?

कंप्लायन्सकाका

आधी हिशोब, मग खेळ. डिव्हिजन वनमध्ये वर्षानुवर्षं १३ डोकी मोजायचे. एखाद्याला थोडी मदत दिली तरी एक जागा गेली. २०२५-२६ पासून हाउस खटल्याच्या (खेळाडूंना पैसे देण्यावरून एनसीएएविरुद्ध झालेला) तडजोडीत सामील झालेल्या शाळांना १५ खेळाडूंची मर्यादा आली आणि स्कॉलरशिपची गेली. डिव्हिजन टूचं तसं नाही. तिथे डोकी मोजत नाहीत, अपूर्णांक मोजतात. २४,००० पैकी १२,००० दिले तर ०.५. सगळ्या अपूर्णांकांची बेरीज १० च्या आत बसली म्हणजे झालं.

तुमच्यावर मर्यादा दोन आहेत आणि त्यातली आधी लागणारी दहाची नाही. सगळे राज्यातले घेतले तरी २,१०,००० मध्ये ८.७५ च होतात. सगळे बाहेरचे घेतले तर ५.८३. म्हणजे दहाचं नाव घ्यायचंच कारण नाही, प्रत्येक खेळाडू डॉलरमध्ये मोजा. बाहेरच्याला ०.५ म्हणजे १८,०००. त्याच पैशात राज्यातल्याला ०.७५ मिळतं.

दुसरं, गुणवत्तेची शैक्षणिक मदत आणि पेल ग्रँट. पेल केंद्र सरकारची, उत्पन्नावर मिळते, २०२५-२६ साठी कमाल ७,३९५ डॉलर, आणि ती तुमच्या दहात धरत नाहीत. राज्यातला मुलगा, पूर्ण पेल आणि चांगले मार्क असं जुळलं तर ०.२५ खेळाची मदतही त्याला पुरते. म्हणून भरतीच्या पहिल्या फोनवर उंचीच्या आधी ट्रान्सक्रिप्ट (कॉलेज-शाळेचं गुणपत्रक) मागा. शैक्षणिक मदत नेमकी कधी वगळली जाते याच्या अटी आहेत. ऑफर लेटर जाण्याआधी तुमच्या कंप्लायन्स ऑफिसातून (नियमपालन बघणारा विभाग) एकेका मुलाचा आकडा लेखी घ्या. तोंडी ०.४ म्हणायचं आणि कागदावर ०.५५ निघायचं, हे मे महिन्यात कळलं तर खेळाडू हातचा जातो.

झोनबहाद्दर

काकांचा हिशोब बरोबर, आता मिनिटांचा करू. सामना ४० मिनिटांचा, पाच जागा, म्हणजे २०० मिनिटं वाटायची. त्यात सेंटरची फक्त ४०. दोन तगडे पूर्ण पैशांत आणलेत तर ७२,००० डॉलर या ४० मिनिटांवर गेले आणि उरलेल्या १६० मिनिटांना १,३८,०००. दोघांना एकत्र खेळवून पैसे वसूल करायला जाल तर आतली जागा कोंडते आणि गार्डला आत शिरायला फट राहत नाही.

तुमच्या ६ फूट ७ वाल्याचे फाउल बघा. १४ मिनिटांत २.१ म्हणजे ४० मिनिटांना ६. त्याला २६ मिनिटांचा मुख्य सेंटर केलंत तर सरासरी ३.९ फाउल होतात. सरासरीच ३.९ असेल तर बऱ्याच रात्री पहिल्या हाफमध्येच तो दोन फाउल घेऊन बाकावर येणार. १४ मिनिटांसाठी मात्र गडी उत्तम आहे, बिनधास्त फाउल खर्च करू दे. फक्त समोरच्या संघाला हाफमधल्या सातव्या फाउलला वन-अँड-वन (पहिला फ्री थ्रो गेला तरच दुसरा) आणि दहाव्याला दोन फ्री थ्रो मिळतात, तेवढं लक्षात ठेवा.

तर एकच खरा सेंटर आणा, २६ मिनिटांचा, ४० मिनिटांना ४ च्या आत फाउल करणारा. त्याला पूर्ण द्या. माझी वाटणी अशी:

सेंटर बाहेरच्या राज्यातला, १.०, म्हणजे ३६,०००. दोन मुख्य गार्ड राज्यातले, प्रत्येकी ०.८, मिळून ३८,४००. तीन लांब हातांचे विंग (बाजूने खेळणारे, गार्ड आणि सेंटरच्या मधले) प्रत्येकी ०.६, दोघे राज्यातले, एक बाहेरचा, मिळून ५०,४००. तुमचा ६ फूट ७ वाला ०.५, १२,०००. काडी पहिलवान ०.२५, ६,०००. बदली गार्ड-विंग चार, राज्यातले, ०.४ प्रमाणे ३८,४००. तीन वॉक-ऑन (स्कॉलरशिपशिवाय खेळणारे), शून्य. बेरीज १,८१,२००, अपूर्णांक ६.७५.

उरलेले २८,८०० एप्रिलमध्ये वाटून टाकायचा मोह होईल. टाकू नका. डिव्हिजन वनच्या बाकावरचे तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचे उंच गडी आधी वरच्याच ऑफरची वाट बघतात. ती आली नाही की मग खाली उतरतात, तोवर उन्हाळा लागलेला असतो. त्या वेळी खिशात बाहेरच्या मुलासाठी ०.८ असणारा संघ क्वचित सापडतो.

विंग निवडताना वेबसाइटवरची उंची बघू नका, ती बूट घालून आणि वर उदार मनाने लिहिलेली असते. दोन्ही हात पसरून टोकापासून टोकापर्यंतचं माप मागा. ६ फूट ५ इंचाचा आणि ६ फूट १० इंच पसाऱ्याचा मुलगा सेंटरसमोर आठ-दहा मिनिटं निभावतो. आणि तो तीनचे टाकत असेल तर समोरच्या सेंटरला बास्केट सोडून बाहेर यावं लागतं.

ओहायोकर

बुटक्या संघाचं ठळक उदाहरण आमच्या ओहायोतल्या कोलंबसमधलंच, एनसीएए डिव्हिजन वन स्पर्धेतलं. १७ मार्च २०२३, फेअरली डिकिन्सन ६३, पर्ड्यू ५८. सोळावं मानांकन असलेल्या संघाने पहिल्या मानांकनाला हरवल्याची पुरुषांच्या स्पर्धेतली ही दुसरीच वेळ, आणि फेअरली डिकिन्सन उंचीत देशातला सर्वांत बुटका संघ. समोर ७ फूट ४ इंचाचा झॅक ईडी. टिपऑफ, तुमच्या कामाची गोष्ट अशी की प्रशिक्षक टोबिन अँडरसन डिव्हिजन टूच्या सेंट थॉमस अक्वायनसमधून त्याच मोसमात आले होते आणि सोबत तिथले तीन खेळाडू घेऊन आले: डिमीट्री रॉबर्ट्स (५ फूट ८), ग्रँट सिंगल्टन (५ फूट ९) आणि शॉन मूर (६ फूट ४). त्या रात्री १९ गुण मूरचे.

ईडीला त्यांनी अडवलं असं कुणी म्हणत असेल तर खोटं. त्याने २१ गुण केले, १५ रिबाउंड घेतले. पण त्याला शॉट मिळाले फक्त ११. पुढे एक, मागे एक, आणि पास देणाऱ्या गार्डवर सतत दाब. उरलेल्या पर्ड्यूला तीनचे टाकावे लागले आणि २६ पैकी ५ गेले. तो आकडा दर रात्री मिळत नाही, हेही मान्य करा.

सेंटरच्या पुढे उभं राहून बचाव करणं सोपं दिसतं, मोडतं नेहमी त्याच दोन ठिकाणी. चेंडू विंगवर असताना तुमचा माणूस सेंटर आणि पासर यांच्या मध्ये, एक हात वर, कंबर त्याच्या मांडीला लावून. वरून येणारा लॉब पकडायला कमकुवत बाजूचा (चेंडूपासून लांबच्या) विंग लेनच्या, म्हणजे बास्केटसमोरच्या पट्ट्याच्या, मध्यभागी. एनबीएत बचाव करणाऱ्याला तीन सेकंदांचा नियम आहे, कॉलेजात नाही, त्यामुळे हा मदतनीस तिथे मुक्काम ठोकू शकतो. इथवर ठीक. पहिली गडबड: चेंडू विंगवरून फ्री थ्रो रेषेजवळच्या माणसाकडे गेला की पुढे उभा असलेला बचावपटू एकदम चुकीच्या बाजूला पडतो, सेंटर त्याला पाठीवर धरतो आणि वरून सरळ पास येतो. म्हणून त्या मधल्या जागेवरचा पास आधी नाकारायचा, बाकी सगळं नंतर. दुसरी गडबड: शॉट उडाला की तुमचा माणूस सेंटरच्या बास्केटपासून लांबच्या बाजूला असतो, बॉक्स-आउट करणार (अंगाने अडवून रिबाउंडपासून दूर ठेवणार) कसा? ते काम मदतीच्या विंगचं. त्याने चेंडूकडे बघत बसायचं नाही, सेंटरच्या पोटात पाठ घालायची. रिबाउंड गार्डने खाली येऊन उचलायचा. गार्ड फास्ट ब्रेकच्या आशेने आधीच पळाले की संपलं.

चार्ज घेण्यावर (धडक अंगावर घेऊन समोरच्यावर फाउल मिळवण्यावर) फार भिस्त ठेवू नका. २०२३-२४ पासून मदतीला येणाऱ्याने, समोरचा उडी मारण्यासाठी पाय रोवण्याआधी जागा घेतलेली असावी लागते. उशिरा सरकलात की फाउल तुमच्यावर.

विदुला

झोनबहाद्दर यांची वाटणी हाफ कोर्ट खेळणाऱ्या (चेंडू आपल्या अर्ध्यात आल्यावरच बचाव करणाऱ्या) संघासाठी आहे, हे कुणी बोलतच नाहीये. खेळाची पद्धत आधी ठरते, पैशाची वाटणी तिच्यामागून येते.

डिव्हिजन टूमध्येच नोव्हा साउथईस्टर्न बघा. जिम क्रचफिल्ड यांचा संघ पूर्ण मैदानात, पूर्ण सामनाभर प्रेस करतो, म्हणजे चेंडूवाल्यावर सतत दाब ठेवतो. २०२३ मध्ये ३६-० राहून अंतिम सामन्यात वेस्ट लिबर्टीला १११-१०१ ने हरवलं. वेस्ट लिबर्टी म्हणजे क्रचफिल्ड यांचाच आधीचा संघ, तोही तसाच धावणारा. २०२५ मध्ये पुन्हा विजेतेपद. अशा खेळात समोरचा सेंटर मैदानाच्या एका टोकाकडून दुसरीकडे पळण्यातच अर्धा होतो, आणि ३० सेकंदांच्या शॉट क्लॉकमधले आठ-नऊ सेकंद चेंडू अर्ध्या रेषेपलीकडे नेण्यात गेले की पोस्टमध्ये (बास्केटजवळ) जागा घ्यायला वेळ कमी उरतो.

पण याची किंमत बाकावर मोजावी लागते. प्रेसला नऊ-दहा जण लागतात आणि आठवा-नववा पहिल्याच्या जवळपासचा लागतो. तुमच्या पैशात राज्यातले दहा जण ०.७ ने घेतले तर १,६८,००० होतात, ४२,००० उरतात; त्यात बाहेरचा एक पूर्ण सेंटर आणि काडी पहिलवानाचे ०.२५ बसतात. झालं, शिल्लक शून्य. म्हणजे १.०, ०.८, ०.६, ०.४ अशी उतरण चालणार नाही आणि उन्हाळ्यासाठी पैसेही राहणार नाहीत. अर्धवट प्रेस मात्र करू नका. सहा जणांच्या दमावर प्रेस केला तर शेवटच्या आठ मिनिटांत लेअप वाटत बसाल.

टिपऑफ

विदुलाताई, आमचे गार्ड नऊ जणांचा प्रेस ओढणारे नाहीत, तेव्हा हाफ कोर्टच. आणखी एक: युरोपातला एक ६ फूट १० इंच, २४० पौंडाचा मुलगा एजंटकडून सुचवला गेलाय. ०.६ वर यायला तयार आहे म्हणे. घ्यावा का?

कंप्लायन्सकाका

‘एजंट’ हा शब्द वाचूनच थांबा. तो मुलाशी कुठल्या कराराने बांधलेला आहे आणि मुलगा क्लबकडून पैसे घेऊन खेळलाय का, हे आधी. एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरकडून हौशी खेळाडू म्हणून प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय तो सामना खेळू शकत नाही, आणि परदेशी क्लबची कागदपत्रं तपासायला महिने जातात. शाळा संपून किती वर्षं तो संघटित स्पर्धेत खेळला हेही विचारा, त्यावर त्याचे मोसम कापले जाऊ शकतात.

पैशाचं बघा. परदेशी मुलाला पेल मिळत नाही, फी बाहेरच्या राज्याचीच. ०.६ म्हणजे तुमचे २१,६०० गेले आणि १४,४०० त्याच्या घरच्यांनी दरवर्षी भरायचे. आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा विद्यापीठाचा कागद) देताना विद्यापीठ पहिल्या वर्षाच्या पैशाचा पुरावा मागतं. इथल्या निम्म्या लोकांनी तो कागद स्वतः जोडलेला असेल. एफ-१ विद्यार्थी व्हिसावर असल्यामुळे जाहिरातीचे पैसे कमावून तो खड्डा भरेल असंही धरू नका, व्हिसावर काम करण्याची बंधनं आहेत. ०.६ वर येतो म्हणणारा डिसेंबरात पैसे संपले म्हणून परत जातो, आणि मोसमाच्या मध्यावर तुम्हाला दुसरा सेंटर कुठून मिळणार? पूर्ण देणार असाल तर घ्या, नाहीतर सोडा.

झोनबहाद्दर

सहमत. त्याऐवजी ज्युनिअर कॉलेजातून दोन वर्षं खेळून आलेला बघा. अंगाने तयार असतो, दोन मोसम शिल्लक असतात.

काडी पहिलवानाला या वर्षी रेडशर्ट करा (सराव करायचा, सामने खेळायचे नाहीत). डिव्हिजन टूमध्ये चार मोसम खेळायला पूर्ण वेळ शिक्षणाची १० सेमिस्टर मिळतात, त्यामुळे एक वर्ष बाहेर बसून त्याचं काही जात नाही. त्याचे ०.२५ मोजले जातील, ते सोसा. १९५ चे २१५-२२० होईपर्यंत तो सेंटरसमोर उभा राहण्यात अर्थ नाही. मात्र सरावाला तो रोज हवा.

ओहायोकर

सरावाचा मुद्दा निघालाच आहे तर: तीन वॉक-ऑनपैकी एक तरी रुंद घ्या. ६ फूट ५, २५० पौंड, नेम नसला तरी चालेल. पाच-विरुद्ध-पाच सरावात समोर खरं वजन नसेल तर पुढे उभं राहून बचाव करायची सवय हलक्या अंगावर लागते आणि पहिल्याच खऱ्या सामन्यात सेंटर तुमच्या माणसाला दोन पावलं आत ढकलून चेंडू घेतो. असा कुणी मिळालाच नाही तर मॅनेजरच्या हातात फुटबॉलचं ब्लॉकिंग पॅड द्या. प्रत्येक पासआधी तीन सेकंद मागून रेटायचं, आणि तुमच्या माणसाने फाउल न करता जागा राखायची. तुमच्या ६ फूट ७ वाल्याला हे सगळ्यांत आधी. त्याचे बरेचसे फाउल चेंडू आल्यावर हात खाली आणण्यातून होत असतील, एकदा व्हिडिओ लावून मोजून बघा.