जुन्या बचत गटात नव्या सुनांना घ्यायचं कसं? मागची बचत भरायला लावायची का?

गटसखी_औसा
गटाला ८ वर्षं झाली. ११ सभासद, महिन्याला १०० रुपये बचत. सगळ्यात तरुण बाई ४२ वर्षांची. गावात लग्न होऊन आलेल्या सुना पुष्कळ आहेत, त्यातल्या तिघी यायला तयार झाल्या, तर आमच्याच बायकांनी अडवलं. म्हणतात, आम्ही आठ वर्षं पैसे घातले, या फुकटात वाटेकरी होणार. मागची सगळी बचत एकरकमी भरा आणि मग बसा, असा हट्ट आहे. प्रत्येकीची बचत ९,६०० झाली. अंतर्गत कर्जाच्या व्याजातून खर्च वजा जाता ६६,००० जमलेत, ते कधीच वाटलेले नाहीत. बँकेचं पहिलं कर्ज तीन महिन्यांत फिटेल, मग दुसरं मागायचंय. काय करावं? का नव्यांचा वेगळाच गट काढावा?

हिशोबवही
ताई, तुमच्या जुन्या बायकांची भीती रास्त आहे. न वाटलेलं व्याज कुणाच्याच नावावर नसतं, त्यामुळे उद्या कुणी आली की तिचाही त्यात वाटा धरला जाईल असं त्यांना वाटतं. पण उपाय चुकीचा आहे. आजच्या घडीला एका सभासदाचा वाटा ९,६०० अधिक व्याजाचे ६,०००, म्हणजे १५,६०० होतो. एवढे पैसे कुठली सून एकदम आणेल? आणलेच तर मायक्रोफायनान्सचा हप्ता डोक्यावर घेऊन आणेल.

६६,००० रोख वाटूनही टाकू नका. बँक कर्जाची मर्यादा गटाच्या कॉर्पसच्या, म्हणजे बचत आणि साठलेलं व्याज मिळून गटाच्या स्वतःच्या निधीच्या पटीत धरते, पहिल्या कर्जाला सहापट आणि दुसऱ्याला आठपट. ६६,००० बाहेर गेले की आठपटीच्या हिशोबात ५,२८,००० ची मर्यादा घटते. त्यापेक्षा बैठकीत ठराव करा आणि प्रत्येकीच्या वैयक्तिक पासबुकात ६,००० जमा दाखवा. पैसा गटातच राहतो, नुसतं नाव लागतं. नवी सभासद शून्यापासून सुरू करते.

पुढचं व्याज समान वाटायचं नाही, प्रत्येकीच्या दर महिन्याच्या शिलकेची बेरीज करून त्या प्रमाणात वाटायचं. नवीची वर्षभराची बेरीज १०० + २०० + … + १,२०० = ७,८००. जुनीची १२ × १५,६०० + ७,८०० = १,९५,०००. प्रमाण २५ ला १. अकरा जुन्यांचे २७५ भाग, तीन नव्यांचे ३, एकूण २७८. वर्षाला २७,८०० व्याज आलं तर जुनीला २,५०० आणि नवीला १००. हे आकडे फळ्यावर लिहून दाखवा, निम्मी कुरकुर तिथेच थांबते.

एक काळजी मात्र घ्या. त्या ६६,००० मधलं किती खरोखर हातात आलंय आणि किती नुसतं येणं आहे, ते आधी तपासा. न आलेलं व्याज नावावर चढवलं आणि पुढच्या वर्षी एखादी गट सोडून गेली, तर तिला द्यायला पैसे दुसऱ्यांच्या बचतीतून काढावे लागतात. गट बहुतेक तिथेच फुटतो. सोडून जाणारीला तीन महिन्यांनी, तिचं कर्ज वजा करून रक्कम मिळेल, हेही त्याच ठरावात लिहा.

बँकसखी
वरचं बरोबर आहे. माझं एवढंच, की वेळ साधा. चालू कर्ज असताना नवीला घेतलं की जुन्यांची उधारी आपल्याही गळ्यात, अशी तिच्या घरच्यांना धास्ती असते. पहिलं कर्ज फिटल्यावर आणि दुसऱ्याचा प्रस्ताव जाण्याआधी तिघींना घ्या, आणि आपसातल्या करारनाम्यावर सगळ्यांच्या सह्या नव्याने करा.

प्रस्ताव अडतो तो बहुतेक नावापायी. सुनेचं आधार माहेरच्या नावाने, रेशनकार्डावर सासरचं नाव, बँक खातं माहेरच्या तालुक्यात. बचत खात्याला पदाधिकाऱ्यांची केवायसी पुरते, पण कर्जाच्या वेळी शाखा प्रत्येकीचे कागद मागू शकते. गावात विवाह नोंदणी ग्रामसेवकाकडे (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) होते. दाखला काढून आधारवरचं नाव बदलायला महिना सहज जातो, म्हणून आत्ताच सुरुवात करा. खरं तर सुनांना गटाकडे वळवायला याहून चांगलं काम नाही. सभासद व्हा म्हणण्याआधी चार जणींची कागदपत्रं गटाने करून द्यावीत.

प्रभागसंघ_लेखापाल
हिशोब बसला म्हणजे मुली टिकल्या असं होत नाही. दुपारी दोनची बैठक जुन्यांच्या सोयीची असते. तान्हं मूल असलेल्या, मजुरीला जाणाऱ्या बाईला रात्री जेवणं उरकल्यावरची बरी. पाऊण तासावर नको. अध्यक्षांच्या ओसरीवर कायमची बैठक हीही अडचण आहे, काही घरांत काही बायका पाय ठेवत नाहीत, कारण आपल्याला ठाऊक आहे. अंगणवाडी किंवा शाळेचा व्हरांडा बघा.

पंचसूत्रीवरच, म्हणजे बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब यांवरच अडकलेल्या गटात तरुण बाईला वाटतं, पैसे गोळा करून वही मिटतात, मी इथे कशाला बसू? लाडक्या बहिणीचे पैसे तर थेट खात्यात येतात. दशसूत्रीत या पाचांखेरीज आरोग्य, शिक्षण, पंचायतीतला सहभाग, सरकारी योजना आणि उपजीविका येतात, त्यातला प्रत्येक बैठकीत एकच विषय घ्या, तोही गावातला. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावीच लागते. नळाचं पाणी, रस्त्यावरचे दिवे यावर तिथे काय मांडायचं ते गटाने आधी ठरवावं आणि बोलायला नव्यांपैकी एकीला उभं करावं.

वेगळा गट दहा जणी असतील तर काढा. तिघींसाठी नको, कागदावरच्या सभासद भरून काढलेला गट पहिल्याच कर्जात बुडतो. आणि शिलकेच्या प्रमाणात वाटप ठेवलंत तर ऐच्छिक बचतही घेता येते. शिवणकाम करणाऱ्या मुली महिन्याला ५०० टाकायला तयार असतात, त्यांना १०० वर कशाला थांबवायचं?

गटसखी_औसा
खूप उपयोग झाला. एक राहिलं. तिघींपैकी एकीची सासू आमच्याच गटात आहे. सासू म्हणते, माझ्या जागी तीच बसेल.

हिशोबवही
एका घरातून एकच, त्यामुळे चालेल. पण आधी सासूचं अंतर्गत कर्ज पूर्ण फेडून घ्या. मग सासूचा राजीनामा, सुनेचा अर्ज आणि १५,६०० सुनेच्या नावे वळवण्याचा ठराव, तिन्हींवर दोघींच्या सह्या. नंतर लोकॉसवर, म्हणजे गटांच्या नोंदीच्या सरकारी ॲपवर, सासूचं नाव बंद करून सुनेची नवी नोंद घ्या. जुन्याच नोंदीत नुसतं नाव बदलू नका, नाहीतर सासूचे आठ वर्षांचे कर्जव्यवहार सुनेच्या नावाखाली दिसत राहतील.